तीच गाणी किती वेळा विकत घ्यायची?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी नाशिकचा, वय 48, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बॅन्डचा जुना भक्त. कॉलेजात असताना मित्राने कॅसेटवर भरून दिलेला त्यांचा 1973 चा अल्बम ‘द डार्क साइड ऑफ द मून’ तेव्हापासून डोक्यात बसलाय. पुढे सीडी घेतली, 2011 साली दोन सीडीची ‘एक्सपिरिअन्स एडिशन’ आली तीही घेतली, मग टर्नटेबल घेतल्यावर एलपी घेतली. सिस्टीम साधीच, अँप्लिफायर आणि दोन स्पीकर. आता 2023 मध्ये निघालेला 50 वर्षांचा मोठा बॉक्स सेट डोळ्यांसमोरून हलत नाहीये. इथला एक इंपोर्टवाला 40 हजार म्हणतो. पुतण्या म्युनिकला असतो, दिवाळीला येतोय, त्याच्याकडून मागवला तर स्वस्त पडेल. पैसे आहेत, कुणाचं देणं नाही. पण बायको म्हणते, ‘तीच गाणी किती वेळा विकत घेणार?’ आणि मला उत्तर सुचत नाही. घ्यावा का? पैसे वसूल होतात का, की आम्हा फॅन लोकांना कंपन्या चक्क मामा बनवतायत? आणि पुढे याची किंमत वाढते का?
– टेपवाला, नाशिक

उत्तर:

टेपवाले भाऊ,

तुमचे चार प्रश्न एकीकडे आणि वहिनींचा एक प्रश्न एकीकडे, आणि खरं सांगू का, वहिनींचा प्रश्न जास्त चांगला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखाही नाही कारण त्याचं उत्तर चक्क मोजता येतं. तर आधी तेच करू, बॉक्स उघडून बघू.

आत काय काय निघतं? अल्बमची एलपी. अल्बमची सीडी. एक डीव्हीडी आणि एक ब्लू-रे, दोन्हीवर तोच अल्बम, स्टिरिओ आणि 5.1 सराउंडमध्ये, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरांतून. मग आणखी एक ब्लू-रे, त्यावर तोच अल्बम नव्या डॉल्बी अ‍ॅटमॉस मिक्समध्ये (मिक्स म्हणजे गाण्यातले सगळे आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवणं). म्हणजे जेमतेम 43 मिनिटांचा एक अल्बम पाच वेगवेगळ्या चकत्यांवर. शिवाय सात इंची दोन सिंगल्स, त्यांच्यावरची चारही गाणी अर्थातच त्याच अल्बममधली. मग 1974 चा वेम्बलीचा लाइव्ह शो, तो एकदा सीडीवर आणि एकदा एलपीवर. आणि हा शो, भाऊ, तुमच्याकडे आहे! 2011 च्या त्या दोन सीडीच्या एडिशनमधली दुसरी सीडी काढून बघा, तोच वेम्बलीचा शो आहे, इतकी वर्षं तुमच्याच कपाटात पडलाय. आता एलपीवर आला ही गोष्ट नवी, मान्य, पण ती एलपीसुद्धा त्याच दिवशी सुटी विकायला ठेवली होती.

राहिलं काय? 160 पानांचं फोटोंचं जाडजूड पुस्तक, 72 ते 75 च्या दौऱ्यांचे फोटो, आणि ते खरंच सुंदर आहे, उगाच नाव ठेवणार नाही. 76 पानांचं नोटेशनचं पुस्तक, म्हणजे वाजवणाऱ्याच्या कामाचं. आणि फेब्रुवारी 1973 मध्ये लंडनच्या प्लॅनेटेरियममध्ये पत्रकारांना अल्बम ऐकवला होता त्या कार्यक्रमाच्या आमंत्रणपत्रिकेची नक्कल. बास. एकही डेमो नाही, एकही न ऐकलेला टेक (गाणं वाजवण्याचा स्टुडिओतला एकेक प्रयत्न) नाही, स्टुडिओत चौघं एकमेकांशी काय बोलत होते त्याचा एक तुकडासुद्धा नाही. गंमत म्हणजे 2011 च्या ‘इमर्शन’ नावाच्या बॉक्समध्ये तरी 1972 चं, रेकॉर्डिंग इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्सने केलेलं कच्चं मिक्स होतं, अल्बम अजून घडतोय तेव्हाचं, म्हणजे तुमच्यासारख्याला खरी उत्सुकता असते ती गोष्ट. या नव्या बॉक्समध्ये तेही नाही.

(त्या इमर्शन बॉक्सची दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर तुम्ही आता तो शोधायला लागाल. त्यात संगीताबरोबर एक स्कार्फ होता, चहाच्या कपाखाली ठेवायचे कोस्टर होते आणि काचेच्या गोट्या होत्या. हो, गोट्या. आपण गल्लीत खेळायचो त्या. शंभर डॉलरच्या वर मोजलेली चाळिशी-पन्नाशीची माणसं पलंगावर बसून कापडी पिशवीतून गोट्या काढून बघतायत हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. फ्लॉइडच्या फॅन लोकांत त्या गोट्यांची अजूनही टिंगल होते.)

तर तुमच्यापुरता हिशोब काय झाला, की या सगळ्या डोलाऱ्यात तुमच्याकडे नसलेलं, नवं आणि ऐकण्यासारखं असं एकच आहे, ते अ‍ॅटमॉस मिक्स. आणि ते ऐकायला तुमच्याकडे काय आहे? दोन स्पीकर. अ‍ॅटमॉस म्हणजे आवाज मागून, बाजूने आणि डोक्यावरून, त्याला ब्लू-रे प्लेयर लागतो, अ‍ॅटमॉसवाला एव्ही रिसीव्हर लागतो, छताकडचे धरून बरेच स्पीकर लागतात आणि ते लावायला एक खोली लागते जिथे वहिनींच्या परवानगीशिवाय भिंतीत ड्रिल मारता येईल. म्हणजे बॉक्सचे 40 हजार ही नुसती सुरुवात. ते सगळं नसेल तर ती चकती तुमच्या घरात शोभेची.

आणि आता जखमेवर मीठ. बॉक्स आला 24 मार्च 2023 ला, तेव्हा अ‍ॅटमॉस मिक्सची डिस्क फक्त बॉक्समध्येच, दुसरीकडे कुठे नाही, म्हणून जगभरच्या सराउंडवाल्या मंडळींनी तीनशे डॉलरच्या आसपास मोजून तो उचलला, बाकीच्या चकत्या नको असताना. आणि सात महिने पुरे व्हायच्या आत, ऑक्टोबरमध्ये, तोच ब्लू-रे सुटा बाजारात! बॉक्सच्या तुलनेत किरकोळ किमतीला. ज्यांनी आधी घेतला त्यांच्या तोंडाला सरळ पानं पुसली. यात बेकायदा काही नाही, कुणी खोटं बोललं असंही नाही, पण ‘मामा बनवतायत का’ हे विचारलंत म्हणून सांगतो की या धंद्यात घाई करणारा फॅन जास्त पैसे देतो आणि थांबणाऱ्याला तेच संगीत स्वस्तात मिळतं, हे इतक्यांदा झालंय की आता त्याचं आश्चर्य वाटायला नको. याच बॅन्डचा 2016 चा ‘द अर्ली इयर्स’ घ्या, सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे मिळून 27 डिस्क, किंमत पाचशे डॉलरच्या पुढे, आणि चार-पाच महिन्यांत त्यातल्या सातपैकी सहा भाग सुटे विकायला आले. सातवा तेवढा बॉक्सवाल्यांसाठी राखून ठेवला, बहुतेक त्यांना अगदीच वाईट वाटू नये म्हणून.

तुम्हाला वाटेल मी बॉक्स सेटच्याच विरोधात आहे. अजिबात नाही हो. एल्व्हिस कॉस्टेलो या इंग्लिश गायकाची गोष्ट सांगतो. 2011 मध्ये त्याच्याच कंपनीने त्याचा सहीवाला, नंबर घातलेला, 1,500 प्रतींचा लाइव्ह बॉक्स काढला, इंग्लंडात दोनशे पौंडांच्या वर किंमत. तर या बाबाने स्वतःच्या वेबसाइटवर लिहिलं की ही किंमत एकतर छपाईची चूक असणार नाहीतर विनोद, आम्ही कमी करायला सांगितलं पण कुणी ऐकलं नाही, तेव्हा हा घेऊ नका, यातलं सगळं नवीन वर्षात सुटं आणि स्वस्त मिळणार आहे. आणि कुणाला भेटच द्यायची असेल तर जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगचा दहा अल्बमचा सूटकेससारखा बॉक्स घ्या, तो दीडशे डॉलरच्या आत मिळतो आणि खरं सांगायचं तर त्यातलं संगीतही कितीतरी सरस आहे! स्वतःच्या मालाबद्दल असं लिहायला काळीज लागतं. पण बघा, त्यानेही ‘बॉक्स घेऊ नका’ असं म्हटलं नाही, ‘हा घेऊ नका, तो घ्या’ म्हटलं.

मग चांगला कुठला? इथे बहुतेक लोक भागाकार करतात, किंमत भागिले डिस्क, की झालं. मला तो हिशोब पटत नाही. बॉब डिलनची दोन उदाहरणं घेऊ. त्याच्या 1966 च्या दौऱ्याचा बॉक्स 2016 मध्ये आला, 36 सीडी, साधे पुठ्ठ्याचे पाकीट, गोट्या नाहीत, स्कार्फ नाही, किंमत दीडशे डॉलरच्या आतबाहेर. भागाकार केला तर एक डिस्क चार डॉलर, फुकटच म्हणा. पण त्या दौऱ्यात डिलन जवळजवळ रोज तीच गाणी त्याच क्रमाने गात होता, त्यामुळे 36 सीडी म्हणजे एकच मैफल पुन्हा पुन्हा, काही ठिकाणी तर श्रोत्यांत बसून कुणीतरी टेप केलेली, आवाज विहिरीतून आल्यासारखा. ज्याला मँचेस्टरच्या त्या रात्री डिलनने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली म्हणून प्रेक्षकांतून कुणीतरी ‘जूडस’, म्हणजे दगाबाज, असं ओरडलं तो क्षण आणि त्याच्या आदल्या-पुढच्या रात्री लोक कसे चिडले होते हे सगळं ओळीने ऐकायचंय त्याच्यासाठी ही लॉटरी आहे. बाकीच्यांसाठी तीन डिस्कनंतर माळा.

आणि दुसरं टोक, 2015 चा ‘द कटिंग एज’. 1965-66 मध्ये डिलनने स्टुडिओत वाजवलेला प्रत्येक सूर, 18 सीडी, 379 ट्रॅक, पाच हजार प्रती, सहाशे डॉलर. पण याच मालाची सहा सीडीची आवृत्ती त्याच वेळी बऱ्याच कमी किमतीत होती, आणि तिच्यातली एक अख्खी डिस्क ‘लाइक अ रोलिंग स्टोन’च्या सेशनची. आधी तीन-चारच्या ठेक्यात, वॉल्ट्झसारखं, अडखळतंय, थांबतंय, कुणीतरी चुकतंय, मग ठेका बदलतो, आणि एकदम एका टेकमध्ये ते गाणं उभं राहतं, आणि त्याच्यानंतर ते बिचारे आणखी कितीतरी वेळा वाजवत राहतात पण तसं पुन्हा जमत नाही! हे ऐकताना अंगावर काटा येतो, आणि हे कुठल्याही रीमास्टरमध्ये (जुन्या टेपचा आवाज सुधारून काढलेल्या आवृत्तीत), कुठल्याही अ‍ॅटमॉसमध्ये मिळत नाही. पैसे द्यायचे तर यासाठी द्यावेत. सहा सीडीवाला सेट म्हणजे माझ्या मते पैसे वसूल, 18 वाला म्हणजे हौस, आणि हौसेला मोल नसतं हे खरं असलं तरी तिला व्हॅल्यू फॉर मनी म्हणायचं नाही.

बीटल्सवाल्यांना विचारा, ते लगेच सांगतील. 2018 मध्ये ‘व्हाइट अल्बम’चा मोठा सेट आला, त्यात 107 ट्रॅक. जॉर्ज हॅरिसनच्या इशरच्या घरी चौघं जमून मे 1968 मध्ये गिटारवर गाणी एकमेकांना ऐकवतायत, अशी 27 डेमो गाणी त्यात पूर्ण आणि स्वच्छ, वर स्टुडिओतले 50 टेक. फॅन लोक खूश. 2021 मध्ये ‘लेट इट बी’चा आला, तसाच देखणा, सहाच डिस्क, पण ट्रॅक 57, आणि त्यातली एक अख्खी सीडी फक्त चार गाण्यांची. चार! सीडीवर 80 मिनिटं मावतात हो. तीच चार गाणी दुसऱ्या डिस्कवर सहज बसली असती पण मग डिस्कचा आकडा एकने कमी दिसला असता. म्हणून सांगतो, दुकानात ‘सहा डिस्क’ वाचून हुरळून जाऊ नका, मागची यादी वाचा आणि मिनिटं बघा.

आणि ग्रेटफुल डेड नावाच्या अमेरिकन बॅन्डची एक वेगळीच दुनिया आहे. 1972 च्या वसंतात युरोपात झालेले सगळेच्या सगळे 22 शो, 73 सीडी, 2011 मध्ये चक्क प्रवासाच्या ट्रंकेत घालून विकले, साडेचारशे डॉलर, 7,200 प्रती, हातोहात संपल्या, मग ट्रंक नको असलेल्यांसाठी नुसत्या संगीताची आवृत्ती काढावी लागली. आता हेही एकच दौरा पुन्हा पुन्हा म्हणता येईल, पण ही मंडळी एकच गाणं आज दहा मिनिटं आणि उद्या अर्धा तास वाजवणारी, रोजची मैफल वेगळी, आपल्याकडे एकच यमन दहा ठिकाणी ऐकणारे लोक असतात तसं त्यांचं. तिथे 73 सीडी खरंच 73 सीडी असतात. हे बघा म्हणजे शेवटी संगीत कुठल्या जातीचं आहे त्यावर पण आहे. अभिजात पाश्चात्त्य संगीतात तर आणखी मजा, 2016 चा मोझार्टचा सेट 200 सीडींचा, आणि भागाकार केला तर एक सीडी वडापाव-चहाच्या हिशोबात. तिथे कुणी गोट्या देत नाही कारण द्यायला माल भरपूर आहे.

आता कंपन्या असं का करतात. लोभ तर आहेच, पण निव्वळ तेवढंच नाही. सीडी घेणारे उरलेत किती? तुमच्या-माझ्या वयाचे, हातात थोडे पैसे खुळखुळणारे. बाकी जगाला फोनवर महिन्याच्या वर्गणीत सगळं मिळतं. मुंबईच्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउससारखं दुकान 2016 मध्ये बंद पडलं, कुठे जाऊन सीडी चाळायची? मग कंपनी विचार करते की लाखो लोकांना प्रत्येकी दहा डॉलरची सीडी आता विकली जाणार नाही, तर थोड्या लोकांना प्रत्येकी तीनशेची वस्तू विकू. आणि वस्तू म्हटली की पुस्तक आलं, जाड पुठ्ठा आला, फोटो आले, छपाई आली, आणि हा सगळा खर्च कमी प्रतींवर बसतो. गाण्याचा खर्च शून्य, ते 1973 मध्येच झालंय. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा इथे अपघात नाही, धंद्याचं गणितच तसं आहे.

आणखी एक कारण आहे जे फारसं कुणी सांगत नाही, युरोपातला कायदा. 2011 मध्ये युरोपियन युनियनने ध्वनिमुद्रणाचा हक्क 50 वर्षांवरून 70 वर्षं केला, पण मेख अशी की 50 वर्षांत जे प्रकाशितच केलं नाही त्याला ही वाढ नाही, ते कुणीही काढावं. झालं, 50 वर्षं कपाटात कुजत पडलेल्या टेपा धडाधड बाहेर यायला लागल्या. डिलनच्या कंपनीने 2012 च्या शेवटी 50 वर्षं पुरी होणाऱ्या टेपांचा एक सेट काढला, साधारण शंभर प्रती, सीडी-आर वर (आपण कॉम्प्युटरवर भरतो तसल्या कोऱ्या सीडी), आणि नावातच लिहिलं की हे कॉपीराइट वाढवण्यासाठी! 2013 च्या डिसेंबरात बीटल्सच्या 1963 च्या 59 रेकॉर्डिंगचं असंच गुपचूप झालं. फॅनच्या दृष्टीने हा कायदा म्हणजे देवाची कृपा, कारण नाहीतर यातलं अर्धं आपल्याला कधीच ऐकायला मिळालं नसतं. आपल्याकडे आकाशवाणीच्या आणि रेकॉर्ड कंपन्यांच्या कपाटात काय काय पडलं असेल त्याचा विचार करून मी अधूनमधून उसासे टाकतो, असो.

आपल्याकडे बॉक्स सेट म्हणजे शेवटी काय आलं? सारेगामाचा कारवां. 2017 मध्ये आला, सहा हजारांच्या घरात, पाच हजार गाणी आत भरलेली. पुस्तिका, टेक, रीमास्टर, काही म्हणजे काही नाही. माझ्यासारखे लोक तेव्हा नाकं मुरडत होते. पण कितीतरी घरांत आजी-आजोबा तो सकाळी लावतात तो दुपारपर्यंत चालू असतो. वस्तू किती वेळा हातात घेतली जाते हा निकष लावला तर तीनशे डॉलरचे कितीतरी बॉक्स त्या डब्यापुढे हरतील. मुद्दा तोच, तुम्ही ऐकणार किती वेळा.

किंमत वाढते का विचारलंत. या बॉक्सबद्दल माझं उत्तर, त्या भरवशावर घेऊ नका. ज्याला भाव येतो तो कमी प्रतींचा, नंबर घातलेला आणि पुन्हा न निघालेला माल, आणि तोसुद्धा कुणी हात न लावलेला, सील न फोडलेला. म्हणजे भाव हवा असेल तर ऐकायचं नाही! शिवाय कंपनीच्या मनात आलं की नवीन आवृत्ती निघते आणि जुनीचा भाव बसतो. त्यात 2024 मध्ये सोनीने पिंक फ्लॉइडच्या रेकॉर्डिंगचे हक्क घेतले, बातम्यांप्रमाणे 40 कोटी डॉलरच्या आसपास देऊन. एवढे पैसे घालणारा माणूस गप्प बसेल का? 2033 ला 60 वर्षं होतील तेव्हा काय काय येईल ते बघाच. आणि आपली हवा. पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी येते, गोंद सुटतो, आतल्या काळ्या फोमचा चिकट भुगा होतो आणि तो नेमका चकत्यांवर बसतो. त्यात हे डिझायनर लोक सीडी घट्ट पुठ्ठ्याच्या खाचेत घालून देतात, ओढून काढताना दर वेळी एक ओरखडा. माझ्या एका मित्राने एक महागडा सेट मुंबईत खिडकीजवळच्या शेल्फात ठेवला होता, दोन पावसाळ्यांनी पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटली, त्यातली निम्मी सुटलीच नाहीत. तुमचं नाशिक त्या मानाने कोरडं, पण तरी सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि भिंतीला टेकवून ठेवू नका.

मग तुम्ही करायचं काय. 40 हजारांना इथून घेऊ नका, हे तर स्पष्टच. पुतण्याकडूनही तो बॉक्स मागवू नका असंच मी म्हणेन, तुमच्याकडे जे आहे ते बघता. अपवाद एकच, ते फोटोंचं पुस्तक आणि तो मोठा काळा डबा तुम्हाला घरात हवाच असेल, बघून, हाताळून आनंद होणार असेल. तसं असेल तर लाजायचं कारण नाही, लोक 40 हजारांचं घड्याळ घेतात आणि वेळ फोनवर बघतात. फक्त वहिनींना ‘यात नवीन गाणी आहेत’ असं सांगू नका, कारण नाहीयेत, आणि त्या यादी वाचतील. सरळ सांगा की गाण्यांसाठी घेत नाहीये, मला ही वस्तू आवडलीय. हे उत्तर त्यांना कदाचित पटेलसुद्धा.

पण ऐकण्यासाठीच घ्यायचं असेल तर त्याच पैशांत, खरं तर निम्म्याहून कमी पैशांत, पुतण्याला वेगळी यादी द्या. फ्लॉइडच हवं असेल तर ‘अर्ली इयर्स’मधला 1972 पर्यंतचा एखादा सुटा भाग, ‘डार्क साइड’च्या आधी ही पोरं काय धडपड करत होती ते ऐकायला, सुटे भाग आता जुन्या मालात शोधावे लागतील पण जर्मनीत सेकंड हँडचा बाजार चांगला आहे आणि तिथले दुकानदार डिस्कची अवस्था प्रामाणिकपणे लिहितात. नाहीतर फ्लॉइड सोडून जरा बाजूला या, जेथ्रो टल या ब्रिटिश बॅन्डचे पुस्तकाच्या आकाराचे सेट बघा, चार-पाच डिस्क, स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने नव्याने केलेलं मिक्स, भरपूर न ऐकलेला माल, वाचायला जाड पुस्तिका, आणि कपाटात पुस्तकासारखे उभे राहतात. त्या काळच्या रॉकमध्ये इतका सरळ व्यवहार मी दुसरा पाहिला नाही. त्यातला एक घेतलात तर स्टिरिओ मिक्स ऐकायला तुमचे दोन स्पीकर पुरतात, वेगळं काही घ्यावं लागत नाही. आणि डिलन आवडत असेल तर तो सहा सीडीचा ‘कटिंग एज’, डोळे झाकून.

घेण्याआधी एक करा, 2011 ची ती वेम्बलीची सीडी काढून एकदा नीट, मोठ्या आवाजात, पूर्ण ऐका. मला शंका आहे की तुम्ही ती दोनदा लावून ठेवून दिली असणार. तीच नीट ऐकून झाली नसेल तर आणखी पाच चकत्यांचं काय करणार?

पुतण्यासाठी दोन गोष्टी. एलपी असेल तर चेक-इन बॅगेत टाकू देऊ नका, हँडबॅगेत आडवी न ठेवता उभी ठेवायला सांगा. आणि बिल बरोबर असू द्या, सामानाच्या सवलतीत बसण्याइतकंच आणायचं, दिवाळीच्या गर्दीत कस्टमवाल्याशी ‘हे पर्सनल आहे’ म्हणून वाद घालत बसायला नको. कुरिअरने तर मागवूच नका, ड्युटी, टॅक्स आणि वर कुरिअरवाल्याचा हँडलिंग चार्ज धरून तो इंपोर्टवालाच स्वस्त वाटायला लागेल.